कोऱ्या गालाचं सोंग

शाळेत कॉम्प्युटर येऊन पुरते सहा महिनेसुद्धा झाले नाहीत, तोवर आमच्या सातवीच्या पोरांना वाटायला लागलं की कॉम्प्युटरवर चित्र काढायची कला त्यांनीच शोधून काढली. परवा एकानं तर मला विचारलं, "बाई, तुमच्या वेळी हे नव्हतं ना?" मला असा राग आला! माझी वेळ म्हणजे काय पांडवांची वेळ? इथं जव्हारात, आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत, माझ्या थोरल्या जाऊबाई नऊ वर्षांपूर्वी कॉम्प्युटरवर चित्रं काढत होत्या. आणि त्यातल्या एका चित्रापायी आमच्या घरात आठवडाभर कुणाला धड जेवण गेलं नव्हतं. तेच लिहून काढते आहे. नीट वाचा, आणि वाचून झाल्याशिवाय प्रश्न विचारू नका.

जाऊबाईंचं नाव पुष्पलता. माहेर मोखाड्याचं, वडील कचेरीत कारकून. लग्न होऊन जव्हारला आल्या त्या टायपिंगची परीक्षा पास होऊनच. पुढच्या खोलीत तीन टाईपरायटर मांडून त्यांनी क्लास काढला. कचेऱ्यांत आणि शाळांत चिकटलेली जव्हारची कितीतरी पोरं-पोरी त्यांच्या हाताखालून गेलेली. बोलणं कमी, काम चोख, आणि चुकीची धास्ती इतकी की वाण्याकडे द्यायची यादीसुद्धा दोनदा वाचून मग पाठवायच्या. मी चिडवायचे, "जाऊबाई, यमदूत आला तरी तुम्ही आधी त्याचा कागद तपासून घ्याल." हसायच्या, पण यादी तिसऱ्यांदा वाचायच्या.

दुपारी क्लास रिकामा असला की त्या टाईपरायटरवर चित्रं काढायच्या. होय, टाईपरायटरवर. एका ओळीत कुठे फुली, कुठे टिंब, कुठे नुसती जागा सोडायची, मग खालची ओळ, मग त्याखालची. जवळून पाहिलं तर अक्षरांची गिचमिड, कागद लांब धरला की गणपती. तुमच्या कॉम्प्युटरच्या चित्रामागची युक्ती हीच आहे. चित्राचे बारीक चौकोन करायचे आणि कुठल्या चौकोनात काय भरायचं ते ठरवायचं. १९५७ साली अमेरिकेत एका तान्ह्या बाळाचा फोटो पहिल्यांदा कॉम्प्युटरच्या पोटात घातला, तेव्हा त्याचेही असेच चौकोन पाडले होते, काळे नाहीतर पांढरे. पुढे काही लोकांनी यंत्राला पेन बांधलं आणि कॉम्प्युटर सांगेल तशा रेघा कागदावर ओढून घेतल्या. १९६५ मध्ये जर्मनीत आणि अमेरिकेत अशा चित्रांची प्रदर्शनं भरली. काही चित्रकार भडकले म्हणतात, ही कसली चित्रं, यात माणूस कुठे आहे? जाऊबाईंनी हे सगळं नाशिकला कॉम्प्युटरच्या शिकवणीत ऐकलं होतं आणि घरी येऊन मला भाकऱ्या थापताना ऐकवलं होतं. माझी एक भाकरी त्यापायी करपली.

१९९८ च्या दिवाळीत त्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर आला, नाशिकहून जीपमधून, दोन गोधड्यांत गुंडाळून. बरोबर एक छपाईचं यंत्र, फक्त काळ्या टिपक्यांनी छापणारं आणि छापताना खोलीभर करकरणारं. पत्रिका, अर्ज, दाखले यांचं काम सुरू झालं. पण जाऊबाईंचा जीव अडकला तो चित्रं काढायच्या 'पेंट'मध्ये. आधी आठ दिवस माऊस हातात चिमणी धरल्यासारखा धरायच्या. मग एका संध्याकाळी मला चुलीपुढून ओढत घेऊन गेल्या. पडद्यावर एक वाकडी रेघ होती. त्यांनी दोन बटणं दाबली आणि रेघ नाहीशी झाली.

"बघ, प्रतिभा," त्या म्हणाल्या, "चूक परत घेता येते. तीन वेळा."

जन्मभर चुकीला भिणाऱ्या बाईला हे केवढं मोठं वाटलं असेल! मी म्हटलं, "तीनच?" तर रागावल्या.

पुढच्या चैत्रात एका सोमवारी दुपारी मंगळू क्लासमध्ये आला. दाभोशाजवळच्या एका पाड्यावरचा, तिशीतला, भाताची शेती आणि उरलेल्या दिवसांत मिळेल ती मजुरी. एका हातात बोहाड्याच्या पत्रिकेचा मजकूर, दुसऱ्या काखेत गोणपाटाचं गाठोडं. बोहाडा आपल्या पोरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्या भागात उन्हाळ्यात देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे चढवून, संबळाच्या तालावर नाचत मिरवणूक काढतात, तो बोहाडा. त्यातल्या एकेका रूपाला सोंग म्हणतात. कुठलं सोंग कुणाच्या घरानं नाचवायचं हे त्यांच्या पाड्यावर बापजाद्यांपासून ठरलेलं. मंगळूच्या घराचा मान त्राटिकेचा.

त्यानं गोणपाट सोडलं आणि मी दोन पावलं मागे झाले. मोठे डोळे, बाहेर आलेले सुळे, आणि सगळ्यावर वर्षानुवर्षांच्या चुलीच्या धुराची काजळी. माळ्यावर ठेवलेल्या त्या कागदी मुखवट्याची हनुवटी उंदरांनी कुरतडून टाकली होती, उजव्या बाजूचा कानही गेला होता.

"मोडलेला सोंग घरात ठेवायचा नाय," मंगळू म्हणाला. "आज दिवस बुडायच्या आत नदीत सोडायचा. उद्या खोडाळ्याला तुकाबाबा नव्यासाठी कागद भिजत घालनार. तो बोलला, जुना कसा व्हता त्याचा चित्र आन. फोटोवाल्याकडं गेलो तर तो लग्नाला गेलेला."

फोटोवाला असता तरी उपयोग नव्हता. फोटोत काजळीच आली असती. खालचे रंग कुठले ते सांगणारं चित्रच हवं होतं. आता खरं सांगायचं तर ते कागदावर रंगपेटीनं काढलं असतं तरी चाललं असतं. पण जाऊबाईंना कॉम्प्युटरची हौस. म्हणाल्या, "मी काढून देते. बसा." तेव्हा दोन वाजले होते. चारला वीज जायची, हे त्या दिवसांत घड्याळापेक्षा पक्कं होतं. साडेचारला दाभोशाकडची जीप होती.

मंगळूनं रंग सांगितले. गाल तांबडे, कपाळ हिरवं, भुवया काळ्या, त्यावर पिवळा पट्टा. मग तो नारळ आणि कापूर आणायला बाजारात गेला. जाऊबाईंनी डावी बाजू काढायला घेतली. डोळा, अर्धं नाक, सुळा, गाल. माऊसनं गोल काढणं म्हणजे डाव्या हातानं लिहिण्यासारखं, त्यात अर्धं लक्ष घड्याळाकडे. डावी बाजू झाली तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. उजवी सगळी राहिली होती.

उजव्या बाजूला कुरतडलेलं होतंच. शिवाय गालावर चार खळगे होते, बोराच्या बीएवढे. जाऊबाईंनी एका खळग्यात करंगळी घालून काजळी पुसली. तळाशी तांबडा रंग दिसला. त्या क्षणभर थांबल्या. शाळा सकाळची होती म्हणून मी घरीच होते, दारातून बघत होते. मीच म्हटलं, "उंदरांनी काय दात लावलेत हो मेल्यांनी! चला, आटपा, वीज जाईल."

मग त्यांनी ते केलं, जे आज तुमच्यातला प्रत्येक जण करतो. डावी बाजू निवडली, तिची प्रत घेतली, उलटवली आणि शेजारी चिकटवली. दीड तासाचं काम अर्ध्या मिनिटात. पडद्यावर त्राटिका पुरी झाली, दोन्ही गाल सारखे, गुळगुळीत, कुठे ओरखडा नाही. आम्ही दोघी बघतच राहिलो. मला तर ती खऱ्या मुखवट्यापेक्षा छान वाटली.

मंगळू परत आला, त्यानं पडद्याकडे पाहिलं आणि हात जोडले. "अशीच हाय," तो म्हणाला. छपाई काळ्या टिपक्यांची, म्हणून जाऊबाईंनी कागदावर रंगांची नावं पेनानं लिहिली. चित्र फ्लॉपीवर साठवलं. तेवढ्यात वीज गेली. मंगळू मुखवटा गोणपाटात बांधून जीपकडे पळाला. सूर्य मावळायच्या आत मुखवटा नदीत गेला.

रात्री जेवताना जाऊबाईंनी पहिला घास हातात घेतला आणि तसाच ठेवला.

"प्रतिभा, उंदरानं कागदाचा लगदा कुरतडला तर आत काय दिसेल?"

"कागद दिसेल."

"मग त्या खळग्यांच्या तळाशी रंग कसा होता?"

मी म्हटलं, असेल उडालेला. त्यांनी मान हलवली. "रंगाच्या वरून दात लागले तर रंग जातो. तळाशी रंग राहिला म्हणजे खळगे आधीचे, रंग नंतरचा. कुणीतरी ते खळगे मुद्दाम ठेवले, आणि त्यात रंग भरला. हनुवटी उंदरांनी खाल्ली. गाल नाही."

मला तेव्हाच कळलं की या बाईंचं बरोबर आहे. आणि बरोबर आहे हे कळल्यावर मी काय केलं असेल? म्हटलं, "जाऊ द्या. कुणाला कळणार आहे? मंगळू स्वतः म्हणाला अशीच आहे." मास्तरीण मी! दुसऱ्या दिवशी वर्गात परीक्षेतल्या प्रामाणिकपणावर धडा शिकवला, तो कसा शिकवला ते माझं मला माहीत.

"मंगळू बारा वर्षं ते सोंग लावतोय," जाऊबाई म्हणाल्या, "पण आतून. लावणाऱ्याला बाहेरचं काय दिसतं?"

पुढचे दिवस वाईट गेले. जाऊबाई एका अर्जात आडनाव चुकल्या, एका पत्रिकेत तारीख. असं कधी झालं नव्हतं. वीज आली की पहिल्यांदा ते चित्र उघडायच्या आणि गालावर नाक टेकवून बघत बसायच्या, जणू खळगे आतून वर येणार आहेत. पण त्या गालावर काही नव्हतंच, मग परत काय येणार? मुखवटा नदीच्या तळाशी विरघळलेला. पाड्यावर फोन नाही. खोडाळ्यात तुकाबाबांचं काम चाललेलं, आणि पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी पहाटे त्या पाड्याचा बोहाडा. दर दिवसाला तो खोटा गाल जास्त पक्का होत होता. दीर म्हणाले, डॉक्टरला दाखवू या. मी म्हटलं, डॉक्टर काय करणार, त्यांना चूक झालीय.

शनिवारी रात्री त्या म्हणाल्या, "उद्या मी जाणार. तू येतेस का?"

"तिथं जाऊन काय सांगणार?"

"खरं ते."

मला जायचं नव्हतं, पण गेले. त्यांना एकटीला पाठवलं असतं तर मग मी कसली जाऊ?

रविवारी सकाळी आम्ही जीपनं दाभोशाला उतरलो आणि पाड्यापर्यंत चालत गेलो. वाटेत जाऊबाई तोंडातल्या तोंडात वाक्यं जुळवत होत्या, पुसत होत्या, पुन्हा जुळवत होत्या. मंगळूच्या अंगणात त्याची आई लाडकी मोहाची फुलं वाळत घालत होती. साठीपुढची, वाळकी, पण नजर टोकदार. मंगळूनं पाणी आणून दिलं. जाऊबाईंनी तांब्या हातातही घेतला नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. उजवी बाजू मी काढली नाही. डावीच उलटवून लावली. गालावर चार खळगे होते, ते मला उंदराचे वाटले. नंतर कळलं की नव्हते. माझ्या हातून चूक झाली.

मंगळूच वैतागला. "चार खळग्यांसाठी एवढ्या लांब आल्या? तुकाबाबानं रंग लावाया घेतला असंल. राहू द्या ना, बाई. आता हालवाहालव नको."

"तू गप," लाडकी म्हणाली. फुलांवरचा हात तिनं काढला नव्हता. "कोणच्या गालावर व्हते?"

"उजव्या," जाऊबाई म्हणाल्या.

"सरळ व्हते?"

"नाही. तीन जवळजवळ, एक जरा खाली."

लाडकी उठली. जवळ आली आणि तिनं आपली चार बोटं जाऊबाईंच्या गालावर टेकवली. तीन जवळ, एक खाली. मोहाच्या फुलांचा वास होता त्या हाताला.

"असे," ती म्हणाली. "पन लय लहान. उंदीर नाय तो, बाय. माजी तानी."

तिनं मग सांगितलं, तेही काम करता करता, आमच्याकडे न बघता. मुखवटा तिच्या सासऱ्यानं केला होता. लगदा ओला असताना अंगणात सुकत ठेवला. तानी तेव्हा नुकती उभी राहायला लागली होती. धरायला काही मिळालं नाही म्हणून तिनं त्राटिकेचा गाल धरला. सासरा आधी ओरडला, मग हसला. म्हणाला, हिला राक्षसिणीचं भय नाही, राहू दे. त्यानं ते खळगे बुजवले नाहीत, आतून तांबडा रंग फिरवला. त्याच पावसाळ्यात ताप आला आणि तानी गेली. दवाखाना लांब, नदीला पूर. तिचा फोटो नाही, कुठल्या दाखल्यावर नाव नाही. त्यानंतर दरवर्षी बोहाड्याच्या आधी लाडकी मुखवटा माळ्यावरून काढायची आणि त्या चार खळग्यांत आपली बोटं ठेवायची. कुणाला सांगितलं नाही. सोमवारी मुखवटा नेला तेव्हा ती रानात होती.

"कोन तानी?" मंगळूनं विचारलं.

"तुजी भैन. तुज्या आधीची."

"माना कधी सांगितला नाय."

"सांगून काय व्हनार व्हता." मग तिनं फुलं खाली टाकली. "दोनदा गेली माजी पोर."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. जाऊबाई तिथंच ओट्यावर बसल्या आणि पदरात तोंड खुपसून रडल्या. मीही रडले. माझ्या रडण्यात लाज जास्त होती, कारण 'आटपा' मीच म्हटलं होतं.

पण रडायलाही वेळ नव्हता. जाऊबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आजी, खोडाळ्याला चला. गाल अजून ओला असेल तर काहीतरी करता येईल." मंगळू, लाडकी आणि आम्ही दोघी, चौघं जीपनं जव्हारला आलो. तिथून एसटीनं मोखाडा, मोखाड्याहून खोडाळा. एसटी घाटात एका जागी पाऊण तास उभी राहिली तेव्हा मंगळू रस्त्यावर उतरून येरझाऱ्या घालत होता. सकाळी 'राहू द्या' म्हणणारा तोच.

तुकाबाबांच्या पडवीत पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. त्राटिका भिंतीला टेकवून ठेवलेली. कागद, मेथी आणि चिंचोक्याची खळ यांचा लगदा, वर पांढरा हात दिलेला. शेजारी जाऊबाईंचा छापील कागद खिळ्याला टांगलेला. कपाळ हिरवं झालं होतं, डावा गाल तांबडा झाला होता. उजवा गाल अजून रंगवला नव्हता. जाऊबाईंनी इतका मोठा सुस्कारा सोडला की तुकाबाबा दचकले.

सगळं ऐकून तुकाबाबा म्हणाले, "सोपा हाय. ओला फडका ठेवतो, घटकाभरात गाल मऊ व्हतो. बोटं दाबायची, सुकवायचा, रंग भरायचा. पन बोटं तेवढी पायजेत." आणि त्यांनी आत हाक मारली. त्यांची सून नात घेऊन आली, वर्ष-सव्वा वर्षाची, नाक गळणारी, हातात भाकरीचा तुकडा.

फडका ठेवला. आम्ही बसलो. मला वाटलं, सुटलो. देवानंच ही नात इथं ठेवली. घटकाभरानं तुकाबाबांनी अंगठ्यानं गाल चाचपला आणि मान डोलावली.

लाडकीनं पोरीला मांडीवर घेतलं. तिच्या हातातली भाकर काढून घेतली, पदरानं बोटं पुसली. एकेक बोट सोडवून सरळ केलं. मुखवट्याजवळ नेलं. पोरीची बोटं गालापासून केसभर अंतरावर आली.

लाडकीनं हात सोडून दिला.

"नको," ती म्हणाली.

"आजी, अगदी तेवढीच बोटं आहेत," जाऊबाई कळवळून म्हणाल्या. "मला जागा आठवते. मी चुकणार नाही आता."

"तेवढीच हायत. पन तिची नायत ना." तिनं पोरीला भाकर परत दिली. "आनि रंगाचे ठिपकेपन नको काढू. या गालावर कायबी नको."

तुकाबाबांना ते पटेना. सोंगाचा एक गाल पांढरा ठेवला तर लोक हसतील, अर्धवट काम म्हणून त्यांनाच नावं ठेवतील. लाडकी म्हणाली, म्हणू दे. तुकाबाबांनी मंगळूकडे पाहिलं, की हा तरी आईला समजावेल. मंगळू मुखवट्याकडे बघत होता.

"कोरा ठेवा, बाबा," तो म्हणाला. "नाचनार मी हाय. हसतील तर माना हसतील."

शुक्रवारी पहाटे आम्ही बोहाड्याला गेलो. जाऊबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता, माझाही नव्हता. उजाडता उजाडता त्राटिका निघाली, लाल-हिरवी, सुळे परजत, आणि उजवा गाल कोऱ्या कागदासारखा पांढरा. गर्दीत कुजबुज झाली. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "रंग संपला काय?" दोघे-चौघे हसले. मंगळू नाचता नाचता त्या बाजूला वळला आणि कोरा गाल त्यांच्या पुढ्यात धरून नाचला, चांगला वेळ नाचला. हसणं बंद झालं. लाडकी आमच्या शेजारी उकिडवी बसली होती. ती रडत नव्हती, बघत होती.

सोंग पुढे गेल्यावर तिनं जाऊबाईंना विचारलं, "तुज्या त्या पेटीत ती हाय अजून?"

"आहे. पण तिथला गाल खोटा आहे."

"तो पूस."

जाऊबाईंनी त्याच दिवशी पुसला. हे काम वाटतं तेवढं सोपं नाही, तुम्ही करून बघा. पेंटमध्ये रंगाचा डबा असतो. तो ओतला की रंग रेघ लागेपर्यंत पसरतो, आणि रेघेत एका टिपक्याएवढी जरी फट राहिली तरी सगळीकडे घुसतो. जाऊबाईंनी त्या गालाभोवती रेघ ओढली, चित्र मोठं करून एकेक चौकोन तपासला, दोनदा, मग तिसऱ्यांदा. मग आतला तांबडा काढून टाकला. या वेळी मी आटपा म्हटलं नाही. वीज गेली, परत आली, पुन्हा बसल्या.

आता क्लासमध्ये टाईपरायटर राहिले नाहीत, चार कॉम्प्युटर आहेत आणि छपाई रंगीत होते. नव्या मुलांना जाऊबाई पहिल्या दिवशी तेच चित्र उघडून देतात. प्रत्येक वेळी कुणीतरी रंगाचा डबा उचलून उजव्या गालाकडे धावतंच. कोरी जागा दिसली की हात शिवशिवतो, माझाही शिवशिवतो. जाऊबाई त्या माऊसवरच्या हातावर आपला हात ठेवतात.

"बाई, इथं भरायचं राहिलंय," पोरगं म्हणतं.

"राहिलेलं नाही," जाऊबाई म्हणतात. "ती तानीची जागा आहे."